भूल उतरताना कोण बोलणार

हिंगोली जिल्ह्यात एकही लेकरू ऑपरेशनसाठी दवाखान्यात येत नाही. अठ्ठावीस वर्षं मी नर्सची नोकरी केली. त्यातली शेवटची अकरा त्या खोलीत गेली जिथं ऑपरेशननंतर पेशंट शुद्धीवर येतो, तेव्हा हे मी छातीठोक सांगते. कळमनुरीचं पोरगं येतं ते बाजारात जिलेबी खायला. कनेरगाव नाक्याचं येतं ढाब्यावरची भजी खायला. वसमतचं येतं एसटीत खिडकीपाशी बसायला मिळतं म्हणून. एक साहेब तर नवे बूट घ्यायला आले होते. टेबलावर निजवलं तर पाय पुढं करून मापाची वाट बघत होते. मी तेव्हा हसले होते, खोटं काहून बोलू?

आईबापांचा हिशेब सरळ असतो. खरं सांगितलं तर पोरगं भिणार, भ्यालं तर रडणार, रडलं तर गाडीत बसणारच नाही. त्यापेक्षा जिलेबी सांगायची, दारापर्यंत हसत आणायचं आणि तिथून पुढं आमच्या ताब्यात द्यायचं. पुढचं खोटं आम्ही बोलायचो. तोंडावर मास्क धरताना कुणी म्हणायचं फुगा फुगव, कुणी म्हणायचं विमानात बसायचंय. दवाखाना छोटा, मास्क धरायलाही मलाच बोलवायचे, आणि माझं ठरलेलं होतं. मी म्हणायची, "अत्तराचा वास येतो बघ याला, घे बरं जोरात." त्या मास्कला अत्तराचा वास येत नाही. रबराचा येतो.

मग भूल उतरायची वेळ होते. काही लेकरं गुपचूप उठतात आणि पाणी मागतात. काही मात्र एकदम बिथरतात. डोळे उघडे असतात, पण बघत नसतात. लाथा मारतात, आईलाच ढकलून देतात, सलाईन उपटतात आणि जिथं टाके आहेत नेमका तिथंच हात घालतात. हे दहा मिनिटं चालतं, कधी अर्धा तास. नंतर दमून झोपतात, आणि जागं झाल्यावर त्यांना यातलं काही आठवत नाही. आमच्या मात्र चांगलं ध्यानात राहतं. हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या एका पाच वर्षांच्या गृहस्थांचे दात माझ्या उजव्या मनगटावर अजून दिसतात.

त्यात आमच्याकडची एक परीक्षा असते. भुलीनं डोकं फिरतं, माणूस घरच्यांना विसरतो, असं गावोगाव पक्कं ठरलेलं आहे. त्यामुळं लेकरानं जरा पापणी हलवली की सगळे नातेवाईक ओळीनं पुढं येतात आणि तोंडाजवळ तोंड नेऊन विचारतात, "मी कोन? वळखलं का मला?" आधी चुलता, मग आत्या, मग मामा, मग ज्याच्या जीपमधून आले तो जीपवाला. नाही ओळखलं की गालावर चापट मारून परत विचारतात. एरवी ज्या जीपवाल्याकडं लेकरानं ढुंकून पाहिलं नसतं, त्याला ओळखलं नाही म्हणून आजी हंबरडा फोडते.

आणि आम्ही शहाणे काय करायचो? चार जणांनी चार हातपाय दाबून धरायचे, आणि पाचव्यानं ओरडायचं की शांत हो, शांत हो. ही आमची शास्त्रीय पद्धत. अशी वर्षंच्या वर्षं गेली.

अशातच ती पोरगी आली. साडेचार वर्षांची होती, जन्मापासून टाळूला भोक. दूध पिली की नाकातून यायचं. बोलायची ती सगळं नाकात, तिच्या आईला सोडून कुणाला कळायचं नाही. मेंढरं राखणारी माणसं. दिवाळीनंतर बाप कळप घेऊन वसमतकडं उतरायचा, कापूस निघालेल्या रानात मेंढरं बसवायला. त्यामुळं दवाखान्याचं सगळं तिच्या थोरल्या चुलत्याच्या हाती. पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं, आणि "बराबर हाय डॉक्टरसाब" हे प्रत्येक वाक्याला. माणूस वाईट नव्हता. पोरीला खांद्यावरून खाली उतरवत नव्हता. पोरीची आई त्याच्या मागं चार पावलं, पदर तोंडाशी.

पोरीला सांगितलं होतं की हिंगोलीला बांगड्या भरायला चाललो. सांगायचं ठरवलं चुलत्यानं, सांगितलं आईनं. मी मास्क धरला आणि माझं अत्तर काढलं. पोरगी वास घेता घेता आईकडं बघत होती आणि दोन्ही मनगटं पुढं धरून होती.

टाळू शिवल्यावर लेकराचा हात तोंडात जाऊ नये म्हणून आम्ही कोपराला पुठ्ठा घालून पट्टी बांधतो. हात ताठ राहतो. चुलत्यानं ते बघितलं आणि त्याला दया आली. "लेकराला तकलीफ व्हऊन राहिली," म्हणत त्यानं एका हाताची पट्टी सोडली. मी पलीकडच्या खाटेवर होते. तेवढ्यात पोरगी उठली. उठली म्हणजे पेटली. वर आठ तोंडं, आठही विचारत होती वळखलं का. आईनं हात पुढं केला तर आईच्याच हाताला चावली. मी धावले, मी पण दाबलं, मी पण ओरडले. तिनं सुटा हात तोंडात घातला आणि आम्ही तो बाहेर काढेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. पुढचे सगळे टाके सुटले. सर्जननी दोन तास उभं राहून केलेलं काम दोन मिनिटांत मातीत गेलं.

सर्जन पेशंटवर कधी चिडत नाहीत. त्या दिवशी त्यांनी चुलत्याला आणि आईला समोर उभं करून सांगितलं, "वर्षभरानं परत करू. पण टाळूला जोडायला कातडी थोडीच उरली आहे. तेव्हा फाटलं तर मग माझ्याकडं जोडायला काही नाही. पोरगी जन्मभर अशीच बोलेल." चुलता म्हणाला, "बराबर हाय." 

मधल्या वर्षात आमच्या दवाखान्यात सुधारणा झाली. नांदेडहून आठवड्यातून दोनदा भुलीच्या नव्या मॅडम यायला लागल्या. काडीसारखी मुलगी, पण जिद्द भारी. त्यांनी सांगितलं, लेकरं अशी बिथरतात ते कमी करता येतं. खोलीतला मोठा दिवा बंद ठेवायचा. लेकराजवळ आई, बाकीचे बाहेर. आपणहून उठेपर्यंत हलवायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. आणि मुख्य म्हणजे आधी लेकराला त्याला समजेल असं खरं सांगायचं. घाबरून, फसून आत गेलेलं लेकरू उठतं तेही बहुतेक तसंच.

पहिल्या तीन गोष्टी मला पटल्या. चौथीला मी म्हटलं, "मॅडम, तुमचं अजून लग्न व्हायचंय." त्या हसल्या. मला वाटलं, मी जिंकले.

मॅनेजमेंटला मात्र चारही गोष्टींपेक्षा पाटी आवडली. 'शांत जागृती कक्ष' अशी पाटी केली, फीत लावली, पाहुणे बोलावले. शांततेचं महत्त्व या विषयावर पाहुणे लाऊडस्पीकरवरून पाऊण तास बोलले. आत टॉन्सिलचं एक पोरगं नुकतं डोळे उघडत होतं. फीत कापली, टाळ्या पडल्या, आणि पोरगं जे किंचाळून उठलं ते पाहुण्यांच्या गळ्यातला हार ओढूनच थांबलं. फोटोत पाहुणे हसतायत आणि मागं पोरगं तोंड फाडून रडतंय. तो फोटो फ्रेम करून त्याच खोलीत लावला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय?

वर्ष झालं आणि पोरीला परत दाखवायला आणलं. साडेपाचची झाली होती. मला बघून चुलत्याच्या टोपीमागं तोंड लपवलं. मॅडमनी आईला बाजूला घेतलं आणि त्यांचं ते खरं सांगायचं प्रकरण समजावलं. मी मुद्दाम तिथंच फाईल चाळत उभी राहिले. आईनं सगळं ऐकून एकच विचारलं.

"दुखंल, हे बी सांगू का?"

"ते तर नक्की सांगा," मॅडम म्हणाल्या.

पुढचे पंधरा दिवस त्या बाईनं काय केलं ते तिनं मला ऑपरेशनच्या दिवशी बाकावर बसून सांगितलं. मागच्या वेळेपासून पोरगी तिच्या हातचं काही खात नव्हती, ताट खाली ठेवून बाजूला झालं तरच जेवायची. तर हिनं काय केलं, गोधडी शिवताना पोरीला समोर बसवलं आणि गोधडीचं भोक दाखवलं. म्हणाली, "तुझ्या तोंडात असं भोक हाय. मागल्या खेपी बांगड्या म्हनून नेलं, ते म्या लबाड बोलले. आता खरं सांगते. तुला निजवतेत, भोक शिवतेत. उठशील तवा दुखंल. मी तिथंच असन. हात तोंडात गेला की असा दोरा निघतो." आणि घातलेला टाका तिच्यासमोर ओढून काढला. पोरीनं बराच वेळ त्या भोकाकडं बघितलं आणि म्हणाली, परत शिव.

मग रोज तालीम. पोरगी निजणार, आई कापडाची वाटी तिच्या नाकावर धरणार, पोरगी डोळे मिटणार, उठणार, हात वर नेणार आणि तोंडात न घालता आईचा पदर धरणार. चार दिवसांनी पोरगी बकरीच्या पिलाला निजवून त्याच्या तोंडावर वाटी धरायला लागली. "त्येला बी खरं सांगायची," आई म्हणाली, "दुखंल म्हनून."

इकडं चुलत्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं आपल्या परीनं नवी जिलेबी शोधली होती. ऑपरेशनच्या दिवशी पोरीला खांद्यावर घेऊन वऱ्हांड्यात आला आणि मला डोळा मारून म्हणाला, "बापाला भेटाया चाललो आमी, वसमतला." पोरीनं वरून नाकातल्या आवाजात काहीतरी सांगितलं. त्याला कळलं नाही, मला तर नाहीच.

आई मागून म्हणाली, "ती म्हनती, बापाला न्हाई. तोंड शिवाया आले."

चुलत्यानं पोरीला खाली उतरवलं. एवढ्या वर्षांत धाकट्या भावाच्या बायकोशी तो दहा वाक्यं बोलला नसेल. त्या दिवशी बोलला. "लेकराला असं सांगत असतेत व्हय? भ्या बसंल तिच्या मनात. आन मागल्यावानी झालं तर? कोन जबाबदार?"  मग त्यानं माझ्याकडं बघितलं, "शिष्टर, तुमीच सांगा हिला." आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाले, "बाई, थोडं कमी सांगायचं. दुखंल कशाला सांगायचं लेकराला?"

ती पोरीचं बोट धरून मॅडमबरोबर आत गेली. त्या दिवशी मास्क मॅडमनी धरला. मला अत्तर काढायला मिळालंच नाही.

तीन तासांनी पोरीला माझ्या खोलीत आणलं. मी मोठा दिवा बंद केला, कोपराचे पुठ्ठे दोनदा तपासले आणि दाराशी गेले. तिथं चुलता टोपी नीट करून, हातात मोबाईल घेऊन तयार. एकच माणूस आत, हे त्याला मान्य होतं. पण तो एक म्हणजे घरात थोरला कोण तो, यात त्याला शंका नव्हती. पंगतीत पहिला पाट त्याचा, लग्नात पहिला टिळा त्याचा, मग इथं खाटेपाशी पहिली खुर्ची दुसऱ्या कुणाची कशी असेल? शिवाय मोबाईलवर वसमतच्या रानातून पोरीचा बाप, त्याच्यामागं दोघंतिघं मेंढपाळ आणि त्यांच्यामागं मेंढरं, सगळे पोरगी कधी उठते ते बघायला थांबलेले. मी त्याचा मोबाईल बंद केला. म्हटलं, "आई आत जाईल. तुम्ही बाकावर बसा. मागच्या वेळी पट्टी कुणी सोडली होती ते मला माहीत आहे." हे लागलं त्याला. जाऊन बसला. दार लावताना माझी छाती कशी फुगली होती म्हणून सांगू. म्हटलं, आता या खोलीत एकही चुकीचं माणूस नाही.

आई खाटेजवळ खाली टेकली. खुर्ची होती, पण पोरीच्या कानाशी तोंड यावं म्हणून खालीच. मी पायाशी उभी.

आधी पोरीचा पाय हलला. मग कण्हली. मग एकदम पाठ उचलली आणि पाय झाडायला लागली. डोळे उघडले, तेच न बघणारे. ताठ बांधलेला हात वर उठला.  दाबून धरायला माझे दोन्ही हात पुढं झाले होते, पण आईनं मान हलवून नको म्हटलं. तिनं पोरीला धरलं नाही. नुसता पदराचा शेव तिच्या बोटांपाशी नेला आणि रोज बोलत असावी तशा आवाजात म्हणाली, "दुखून राहिलं. ठाव हाय मला. मी हितं हाय. शिवून झालं."

हात तिथंच थांबला. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घशातून आवाज येत होता, पण पाय मंदावले.

आणि मी बोलले. काहून बोलले? अठ्ठावीस वर्षांची सवय, दुसरं काय. पुढं वाकून, माझ्या त्या गोड आवाजात म्हणाले, "काही नाही झालं गं बाळा. काहीच दुखत नाही."

पोरगी अशी उसळली की खाट सरकली. मान इकडून तिकडं, पाय थाडथाड, पुठ्ठ्याचा हात तोंडावर आपटायला लागला. आवाज तिनं ओळखला होता. भुलीत कुणाला ओळखू येत नाही म्हणतात, पण ज्या आवाजानं अत्तर सांगितलं तो तिला बराबर ओळखू आला. आईनं माझ्याकडं वळून बघितलं. रागानं नाही. पाण्याचा तांब्या मागावा इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "शिष्टर, तुमी बाहेर बसा."

मी गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. दार ओढून घेतलं आणि बाकावर जाऊन चुलत्याशेजारी बसले. त्यानं थोडं सरकून जागा दिली. आतून पोरीचा आवाज येत होता, मग मोठा झाला, मग कमी झाला. आईचा आवाज एकसारखा चालू होता, शब्द कळत नव्हते. मी नऊ पेशंटच्या फाईली बघायच्या सोडून त्या दाराकडं बघत बसले. अर्ध्या तासानं मॅडम आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, झोपली. टाके आत्ता बघायचे नाहीत, सकाळी बघू.

संध्याकाळपर्यंत श्रेय वाटून झालं होतं. मॅनेजमेंटनं सांगितलं, शांत जागृती कक्षामुळं झालं. चुलत्यानं फोनवर वसमतला सांगितलं, आपल्या बिरोबाच्या नवसानं झालं, बकरं बोललो व्हतो. स्टाफरूममध्ये मला म्हणाले, तुम्ही दारातून गर्दी हटवली म्हणून झालं. त्यावर मी गप्प बसले. खरं तर काय झालंय ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. तोंडात कुणी बघितलंच नव्हतं.

सकाळी राऊंडच्या आधी टाके बघून ठेवायचं काम माझं. टॉर्च आणि जीभ दाबायची चमच्यासारखी पट्टी घेऊन गेले. पोरगी आईच्या मांडीवर बसली होती. मला बघितलं आणि ओठ गच्च मिटून घेतले. आईनं वाटीनं पाणी पाजलं होतं, पण थेंबभरच. त्यावरून काही कळत नव्हतं. आईचा चेहरा रात्रभर न झोपलेला. तिनं मला विचारलं, "फाटलं तर न्हाई ना, शिष्टर?"

काही होत नाही बाई, हे शब्द माझ्या जिभेवर तयारच होते. म्हटलं, "मला ठाऊक नाही. बघितल्याशिवाय कळणार नाही."

ती नुसती हुं म्हणाली. पोरगी माझ्या हातातल्या पट्टीकडं बघत होती. तिला बोलायला मनाई होती. तिनं बोट पट्टीला लावलं, मग स्वतःच्या गालाला लावलं आणि माझ्याकडं बघितलं. काय विचारते आहे ते मला कळलं, आईनं सांगायची गरज पडली नाही.

"दुखंल," मी म्हणाले. "थोडं दुखंल."

तिनं आईकडं बघितलं नाही. माझ्याकडंच बघत राहिली, आणि तोंड उघडलं. मी टॉर्च लावली. टाके दोनदा मोजले. सगळे जागेवर होते.